‘सर्वः सर्वौ सर्वे’ पाठ आहे ना? मग आद्य-जर्मानिक ‘तांबडा’ चालवून पाहू

जर्मन शिकणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या काही महिन्यांतच एक घाट लागतो. तो म्हणजे विशेषणाचे प्रत्यय. वाइन तीच, रंग तोच, पण कधी ‘रोटर वाइन’, कधी ‘रोटेन वाइन’, ‘मिट’ (सोबत) आला की ‘रोटेम वाइन’, आणि पुढे ‘डेर’ (‘तो’, इंग्रजी ‘द’) लागला की नुसतं ‘रोटे’. मीही तो तक्ता कपाटाच्या दाराला चिकटवून पाठ केला होता. पुढे कधीतरी कळलं, की ‘रोटेम’मधला म् आणि शाळेत घोकलेल्या ‘सर्वस्मै’मधला म् हे एकच आहेत. दिसायला सारखे म्हणून नव्हे, तर एकाच मूळ प्रत्ययातून आलेले म्हणून. ते आधी कोणी सांगितलं असतं तर कपाटाचं दार वाचलं असतं.

या लेखात आपण एकच शब्द घेणार आहोत: इंग्रजी ‘रेड’ आणि जर्मन ‘रोट’ या दोघांचा पूर्वज. तो कुठेही लिहिलेला सापडत नाही. सापडलेल्या शब्दांवरून मागे मागे जात तो बांधावा लागतो, आणि मग सर्व विभक्तींत चालवून पाहावा लागतो. शाळेतलं संस्कृत थोडंफार आठवत असेल तर अर्धं काम झालेलंच आहे.

सुरुवातीआधी: लिहायची रीत

आद्य-जर्मानिक ही इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीच्या पट्ट्यात बोलली जाणारी भाषा. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक आणि आता लुप्त झालेली गॉथिक या सगळ्या तिच्या लेकी. तिच्यात लिहिलेला मजकूर नाही, म्हणून तिचा प्रत्येक शब्द अनुमानाने काढलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर * अशी चांदणी लावतात. ही चांदणी रूढ केली ती ऑगस्ट श्लायशर या जर्मन पंडिताने. त्याने १८६८ मध्ये मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्टच अनुमानित मूळ भाषेत लिहून काढली होती. नंतरच्या अभ्यासकांनी ती आपापल्या मतानुसार पुन्हा पुन्हा लिहिली आणि दर वेळी ती वेगळी दिसली. चांदणी पाहिली की हे आठवावं. तो शब्द म्हणजे आजवरचा सगळ्यांत चांगला हिशोब, शिलालेख नव्हे.

देवनागरीत ही रूपं छान बसतात, फक्त चार गोष्टी ठरवून घेऊ. एक, अक्षर श्लोकासारखं पूर्ण वाचायचं; शेवटचा अ गिळायचा नाही, आणि जिथे तो नाही तिथे पाय मोडलेला असेल. दोन, ‘ज़’ म्हणजे इंग्रजी ‘झेड’चा उच्चार. तीन, चंद्रबिंदू म्हणजे स्वर नाकातून. चार, ‘ओ३’ म्हणजे तीन मात्रांचा ओ. हे चौथं चिन्ह आपल्याच घरचं आहे. ऱ्हस्व एक मात्रा, दीर्घ दोन, प्लुत तीन हा हिशोब पाणिनीने मांडलाय, आणि परंपरेत त्यासाठी कोंबड्याच्या आरवण्यातल्या उ, ऊ, ऊ३ चा दाखला देतात. आद्य-जर्मानिकमध्ये शब्दाच्या शेवटी असे तीन मात्रांचे स्वर मानावे लागतात. युरोपातले विद्वान त्यावर टोपी काढतात, आपण ३ लिहू.

पायरी १: साक्षीदार गोळा करा

पहिल्यांदा लेकींच्या घरी जाऊन विचारायचं, तुमच्याकडे तांबड्याला काय म्हणतात?

जुनी नॉर्स (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा): रौद्र (द मऊ, इंग्रजी ‘द’सारखा)
जुनी इंग्रजी: रॅआद
जुनी सॅक्सन: रोद
जुनी फ्रिजियन: राद
जुनी उच्च जर्मन: रोत
गॉथिक: रौदै

गॉथिकचा दाखला एकाकी आहे. योहानाच्या शुभवर्तमानावरच्या एका गॉथिक भाष्यात ‘तांबड्या लोकरीने’ अशा अर्थाचे शब्द येतात, त्यात हे ‘रौदै’ आहे. कोशांत गॉथिकचं प्रथमेचं रूप दिलेलं असतं, पण ते या एका विभक्तीरूपावरून मागे काढलेलं. म्हणजे ज्या भाषेला आपण सगळ्यांत जुनी साक्षीदार म्हणतो, तीसुद्धा इथे अर्धवटच बोलते.

आजची रूपं (इंग्रजी रेड, जर्मन रोट, डच रोद, स्वीडिश रॉद) सोबत ठेवायला हरकत नाही, पण साक्ष जुन्यांची घ्यायची. इंग्रजी ‘रेड’मधला ऱ्हस्व ए हा उशिराचा आहे, ‘ब्रेड’, ‘डेड’ या शब्दांतही तसाच दीर्घ स्वर आखडला. ‘रीड’ या आडनावात तो दीर्घ स्वर अजून तग धरून आहे.

पायरी २: एकेक ध्वनी ठरवा

‘र’बद्दल वाद नाही, सगळे एकमुखाने र सांगतात.

स्वराबद्दल मात्र प्रत्येकाचं म्हणणं वेगळं: औ, अॅआ, ओ, आ. अशा वेळी बहुमत घ्यायचं नाही. कोणत्या स्वरापासून बाकीचे सगळे सहज निघतात, ते पाहायचं. औ मानला तर गॉथिक आणि नॉर्समध्ये तो तसाच राहिला. जुन्या इंग्रजीत प्रत्येक ‘औ’चा अॅआ झाला. जुन्या उच्च जर्मनमध्ये त, द, र, ह अशा काही व्यंजनांपुढे त्याचा ओ झाला आणि इतरत्र ‘ओउ’. हे नियम फक्त याच शब्दात नाहीत, शेकडो शब्दांत चालतात. उलट ओ मूळ मानला, तर काही ओंचा नॉर्समध्ये औ का झाला आणि काहींचा का नाही, याचं उत्तर देता येत नाही. तेव्हा औ.

‘द’चंही तसंच. जर्मनमध्ये त दिसतो, पण जर्मनने प्रत्येक जुन्या द चा त केलेला आहे: इंग्रजी ‘डे’ तर जर्मन ‘टाग’, इंग्रजी ‘ब्रेड’ तर जर्मन ‘ब्रोट’. म्हणून मूळ द.

राहिला शेवट, आणि खरी मजा तिथेच आहे. नॉर्समध्ये शेवटी र आहे, गॉथिक पुल्लिंगी शब्दांत स असतो, इंग्रजी-जर्मनमध्ये काहीच नाही. स, र आणि शून्य यांचा समान पूर्वज कोण? ज़. गॉथिकमध्ये तो शेवटी घोष सोडून स झाला, नॉर्समध्ये र झाला आणि पश्चिमेकडे गळाला. कागदावरचं हे अनुमान खरं असल्याचा पुरावा डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला जमिनीतून निघाला. गालेहुस इथे १७३४ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या शिंगावर, साधारण इ. स. ४०० च्या सुमाराच्या रूनी लिपीत (जर्मानिक लोकांच्या जुन्या लिपीत), ओळ होती: ‘एक ह्लेवगस्तिज़् होल्तियज़् होर्न तविदो’. म्हणजे ‘मी, होल्टचा ह्लेवगस्ति, हे शिंग घडवलं’. ‘होल्तियज़्’मध्ये आपला ‘अज़्’ जसाच्या तसा दिसतो. शिंग मात्र १८०२ मध्ये चोराने पळवलं आणि वितळवून टाकलं. उरली ती आधी काढून ठेवलेली चित्रं.

दुसरी साक्ष शेजाऱ्यांची. फिनिश ही जर्मानिक कुळातली नव्हे, पण तिने फार पूर्वी जर्मानिक शब्द उसने घेतले आणि लोणच्यासारखे मुरवत ठेवले. ‘राजा’ला फिनिशमध्ये ‘कुनिंगस्’ म्हणतात. त्यातला ‘अस्’ म्हणजे तोच ‘अज़्’, जो खुद्द इंग्रजी ‘किंग’मध्ये कधीच झिजून गेला.

आता जोडा: र + औ + द + अज़्. आपला शब्द झाला *रौदज़्.

पायरी ३: आणखी मागे जा, पण कानावर विसंबू नका

इथे मराठी वाचकाला एक मोह हमखास होतो. जुन्या नॉर्सचं रूप देवनागरीत ‘रौद्र’ असं दिसतं! रागाने लाल झालेला, रक्तरंजित, रुद्राचा. अर्थसुद्धा जुळवता येतो. असे लेख फिरतानाही दिसतात. पण हे जुळणं खोटं आहे, आणि ते का खोटं हे समजणं हीच या विद्येची पहिली परीक्षा.

याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताने १८२२ मध्ये मांडलेला नियम असा: मूळ भाषेतला द जर्मानिकमध्ये त होतो, आणि ध चा द होतो. संस्कृतने दोन्ही बरेचसे तसेच राखले. म्हणून संस्कृत दंत, द्वौ, दश यांच्यासमोर इंग्रजीत टूथ, टू, टेन असे ट येतात. आणि विधवा, बंध, मध्य यांच्यासमोर विडो, बाइंड, मिड असे ड येतात. आपल्या शब्दात जर्मानिक द आहे, म्हणजे संस्कृतात ध शोधायचा, द नाही. ‘रौद्र’मध्ये द आहे, तो बाद. शिवाय नॉर्स ‘रौद्र’मधला र हा मघाचा ज़, तर संस्कृत ‘रौद्र’मधला र मूळचाच, म्हणजे जुळणी दोन ठिकाणी फसवी. संस्कृत रुद् (रोदिति, रडतो) या धातूचा खरा जर्मानिक भाऊ जुन्या इंग्रजीत आहे: ‘रेओतन’, आक्रोश करणं. पाहा, तिथे नियमाप्रमाणे त आहे.

तर ध असलेला, तांबड्या अर्थाचा संस्कृत शब्द कोणता? रुधिर. त्याची ग्रीक बहीण ‘एरुथ्रॉस्’, लॅटिन ‘रुबेर’. तांबड्या रक्तपेशीला डॉक्टर एरिथ्रोसाइट म्हणतात, तांबड्या समुद्राकाठच्या देशाचं नाव एरिट्रिया आहे आणि माणकाला इंग्रजीत रूबी म्हणतात, ते सगळं या घराण्यातलं. नुसत्या जर्मानिक द वरून मूळ ध होता हे पक्कं म्हणता आलं नसतं. कार्ल व्हर्नर या डॅनिश भाषापंडिताने १८७७ मध्ये दाखवून दिलं, की आघात कुठे होता त्यावर मूळ त चासुद्धा जर्मानिकमध्ये द होऊ शकतो. ग्रीक थ आणि संस्कृत ध यांनी मिळून तो संशय मिटवला. (‘अज़्’मधला ज़सुद्धा व्हर्नरच्याच नियमातला. मूळ स, आघात नसलेल्या स्वरामागे आला की मऊ होतो.)

पण रुधिर हा *रौदज़्चा सख्खा भाऊ नव्हे, चुलत आहे. रुधिरमध्ये धातूला गुण (म्हणजे उ चा ओ) झालेला नाही, ‘रुध्’ तसाच. *रौदज़्मध्ये औ आहे, म्हणजे गुण झालेलं अंग हवं. गुण झालेलं संस्कृत रूप म्हणजे रोहित. संस्कृतात ध चा कधी कधी ह होतो, ‘धा’ धातूपासून ‘हित’ झालं तसाच. र चा ल होऊन त्याचंच लोहित झालं. आणि याच कुळात सगळ्यांत नेमका जुळणारा शब्द आहे लोह. आज आपण लोह म्हणजे लोखंड म्हणतो, पण संस्कृतात त्याचा जुना अर्थ तांबूस, तांब्याच्या रंगाचा, आणि मग तांबं. लोखंड हा अर्थ पुढचा. म्हणजे लोखंडाच्या दुकानाच्या पाटीवर आपण नकळत ‘तांबडा’ लिहितो.

आता फिनलंडकडे पाहा. तिथे लोखंडाला ‘राउता’ म्हणतात, आणि तो शब्द जर्मानिक ‘रौद-’ याच अंगावरून उसना घेतलेला. उत्तरेकडच्या दलदलीत सापडणारं लोहखनिज तांबूस असतं, नॉर्समध्ये त्याला ‘रौदी’च म्हणत. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकाच ‘तांबडा’पासून लोखंड घडवलं, तेही एकमेकींना न विचारता. मराठीने मात्र उलटी वाट धरली आणि तांब्यावरून तांबडा केला. अर्थात ‘ताम्र’ही आधी गडद लाल रंगच होता, धातू नंतर. रंग आणि धातूची ही ये-जा फार जुनी आहे.

एक बारीक मुद्दा उरतो. मूळ भाषेत गुणाचे दोन प्रकार होते, ‘एउ’ आणि ‘ऑउ’. संस्कृतने दोघांचाही ओ करून फरक पुसला, त्यामुळे लोह कोणत्या प्रकारातला हे संस्कृत सांगू शकत नाही. जर्मानिक सांगते. तिच्यात एउ तसाच राहतो आणि ऑउचा औ होतो. नॉर्समध्ये ‘र्योद्र’ (लालबुंद चेहऱ्याचा) हा एउवाला भाऊ वेगळा नांदतो आहे. म्हणून *रौदज़् हा ऑउवाला. जुनी आयरिश ‘रूअद’ आणि लिथुआनियन ‘राउदस्’ त्याच्या बाजूने उभे राहतात. ग्रीक शब्दाच्या सुरुवातीचा फालतू वाटणारा ए हा एका हरवलेल्या घशातल्या व्यंजनाची खूण आहे, त्याला ह१ असं लिहितात. तर मुळाशी पोचलो: *ह१रॉउधॉस् > *रौदज़्. वाटेत ह१ गळाला, ऑ चा अ झाला, ध चा द झाला, स चा ज़ झाला.

पायरी ४: सबळ रूपं, म्हणजे ‘सर्व’ चालवणं

संस्कृतात साधं विशेषण नामासारखं चालतं: रामः तसं रक्तः, रामाय तसं रक्ताय. फक्त सर्व, अन्य, विश्व अशा मोजक्या शब्दांना सर्वनामाचे प्रत्यय लागतात, म्हणून सर्वाय नव्हे, सर्वस्मै. जर्मानिकने काय केलं, तर ही मोजक्यांची सवलत सरसकट सगळ्या विशेषणांना देऊन टाकली. तांबडा, मोठा, आंधळा, गोड, सगळे ‘सर्व’च्या वर्गात. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा तक्ता पाठ करायची गरज उरत नाही. तो ओळखीचा निघतो.

पुल्लिंगी एकवचन:
प्रथमा *रौदज़् (सर्वः)
द्वितीया *रौदनोँ (सर्वम्)
तृतीया *रौदनो
चतुर्थी *रौदम्मै (सर्वस्मै)
षष्ठी *रौदस् (सर्वस्य)

पुल्लिंगी बहुवचन:
प्रथमा *रौदै (सर्वे)
द्वितीया *रौदन्ज़् (सर्वान्)
तृतीया *रौदैमिज़् (वैदिक वळणाचं सर्वेभिः)
चतुर्थी *रौदैमज़् (सर्वेभ्यः)
षष्ठी *रौदैज़ोँ३ (सर्वेषाम्)

द्विवचन विशेषणातून गेलं. पंचमी आणि सप्तमीची कामं बहुतेक चतुर्थीने पोटात घेतली.

या यादीत पाच मिनिटं थांबावं अशी जागा म्हणजे चतुर्थी. ‘स्म’ चा जर्मानिकमध्ये ‘म्म’ झाला. प्राकृतातही ‘तस्मिन्’चं ‘तम्मि’ होतं, तीच गत. मग *रौदम्मै झिजत झिजत जर्मनमध्ये ‘रोटेम’ झालं. ‘मिट रोटेम वाइन’ म्हणताना ओठ मिटतात ते ‘सर्वस्मै’साठी मिटायचे तसेच. बहुवचनी प्रथमेत ‘सर्वे’मधला ए हा मुळात ऐ होता, जर्मानिकने तो उघडा ठेवला. षष्ठीत ‘सर्वेषाम्’चा ष तिकडे ज़ झाला आणि पुढे र, जर्मन ‘रोटर’ (तांबड्यांचा) हा तोच. सर्वेभ्यः आणि *रौदैमज़् यांत मात्र भ आणि म असा फरक आहे. इथे जर्मानिक, बाल्टिक आणि स्लाव भाषा एका बाजूला आहेत, संस्कृत दुसऱ्या. नियमाने भ चा म होत नाही, मुळातच दोन वेगळे प्रत्यय असावेत. ओढूनताणून जुळवू नका.

द्वितीयेतला ‘नोँ’ हाही जरा वेगळा, ‘तम्’सारख्या रूपाला मागे आणखी एक तुकडा चिकटलेला. पण तो कल्पनेतला नाही. नॉर्वेतल्या च्योलेविक इथल्या रूनी शिळेवर कोरलंय: ‘मगु मीनिनो’, म्हणजे ‘माझ्या मुलाला’ (पुरलं). ‘मीनिनो’च्या शेवटी आपला प्रत्यय उभा आहे. आणि मराठी अर्थ पाहा: ‘माझा’चं ‘माझ्या’ झालं. विशेषणाने नामाच्या विभक्तीबरोबर वाकणं आपल्याला परकं नाही. तांबडा घोडा, पण तांबड्या घोड्याला. फक्त आपण सगळ्या विभक्तींना मिळून एकच वाकणं ठेवलं.

नपुंसकलिंगात दोनच रूपं निराळी: एकवचनी प्रथमा-द्वितीया *रौदतो, बहुवचनी *रौदो. एकवचनातला त म्हणजे ‘तत्’, ‘अन्यत्’मधला शेवटचा त्. (त्याच्या जोडीने प्रत्यय नसलेलं आखूड रूपही चालत असावं, गॉथिकमध्ये दोन्ही दिसतात.) स्वीडिशमध्ये ‘एत्त रॉत्त हूस’, तांबडं घर, यात तो त अजून ठसठशीत ऐकू येतो. जर्मनमध्ये त चा स झाल्याने ‘रोटेस हाउस’. ‘तत्’, ‘दॅट’, ‘दास’ हे त्रिकूटही असंच.

स्त्रीलिंगी एकवचन: प्रथमा *रौदो, द्वितीया *रौदोँ, तृतीया *रौदैज़ो, चतुर्थी *रौदैज़ोइ, षष्ठी *रौदैज़ोज़्. बहुवचनात प्रथमा *रौदो३ज़्, द्वितीया *रौदोज़्, बाकी पुल्लिंगासारखं. इथे किल्ली अशी, की संस्कृत आ म्हणजे जर्मानिक ओ. ‘भ्रातृ’चा आ ‘ब्रदर’मध्ये ओ लिहिला जातो तो त्यामुळेच. मग सर्वा, सर्वाम् हे *रौदो, *रौदोँ झाले. चतुर्थी-षष्ठीत सर्वस्यै, सर्वस्याः यांच्याशी नातं आहे पण तंतोतंत नाही. मधला ‘ऐज़’ बहुवचनाच्या घरातून आलेला दिसतो. आणि पहिल्या पायरीतलं गॉथिक ‘रौदै’ आठवतं? ते हीच चतुर्थी, पण त्यात ज़ नाही. म्हणजे प्रत्यक्ष सापडलेलं रूप आपल्या तक्त्याशी जुळत नाही! गॉथिकने इथे नामाचा प्रत्यय वापरला, असं समजायचं. कारण नॉर्स ‘रौद्री’ आणि जुनी इंग्रजी ‘रॅआद्रे’ यांत ज़ चा र टिकून आहे, आणि खुद्द गॉथिकच्या षष्ठीतही त्याची जागा शाबूत आहे.

पायरी ५: दुर्बळ रूपं, म्हणजे ढवळ्या-पवळ्या

सबळ आणि दुर्बळ ही नावं ग्रिमचीच. प्रत्येक जर्मानिक विशेषणाला दुसराही एक संच असतो, आणि तो ‘राजन्’सारखा नकारान्त चालतो.

*रौदो३ (राजा), *रौदनुँ (राजानम्), चतुर्थी *रौदिनि, षष्ठी *रौदिनिज़् (राज्ञः); बहुवचन *रौदनिज़् (राजानः). ‘राजा’मध्ये प्रथमेत न् गळतो तसाच *रौदो३मध्येही. स्त्रीलिंगात *रौदोँ, *रौदोनुँ, *रौदोनिज़्, नपुंसकात *रौदो३.

हा दुसरा संसार कशाला? विशेषणाला न लावून ‘तो अमुक’ असं एखाद्याला नेमकं दाखवायची जुनी रीत होती. लॅटिनमध्ये ‘कातुस्’ म्हणजे चाणाक्ष, तर ‘कातो’ हे माणसाचं नाव. ग्रीकमध्ये ‘स्त्राबॉस्’ म्हणजे चकणा, ‘स्त्राबोन’ हे नाव. आपण बैलांना हेच करतो. ढवळा हे विशेषण, ढवळ्या हा गोठ्यातला तो विशिष्ट. ग्रीनलंडमध्ये वसाहत करणाऱ्या एरिकला नॉर्समध्ये ‘एरिक रौदी’ म्हणत, तांबड्या दाढीकेसांचा तो एरिक. ‘रौदी’ हे दुर्बळ रूप. आद्य-जर्मानिकमध्ये ‘द’सारखा शब्द नव्हता, ते काम हा न करत होता. पुढे ‘डेर’, ‘द’ आले, पण सवय राहिली. म्हणून जर्मनमध्ये ‘डेर’ आला की विशेषण दुर्बळ होतं आणि पुढे जिकडे तिकडे ‘रोटेन, रोटेन, रोटेन’ ऐकू येतं. तो ‘एन’ म्हणजे राजन्चा न्.

पायरी ६: तर-तम

तुलनेसाठी दोन प्रत्यय होते. जुना ‘इज़’, ‘इस्त’. संस्कृतात त्याची जोड ‘ईयस्’, ‘इष्ठ’. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे त्यातलेच, आणि स्वादिष्ठ म्हणजे शब्दशः ‘स्वीटेस्ट’ (आपण तो आता ‘स्वादिष्ट’ लिहितो आणि त्याची तम-भावाची धार विसरलोय). दुसरा ‘ओज़’, ‘ओस्त’ हा जर्मानिकचा स्वतःचा. तांबड्याला कोणता? इ असता तर नॉर्समध्ये मागचा स्वर बदलला असता. तिथे ‘रौदरि’, ‘रौदस्त्र’ असा स्वर जसाच्या तसा आहे. म्हणून *रौदोज़ो३ (अधिक तांबडा) आणि *रौदोस्तज़् (सगळ्यांत तांबडा). जर्मनमधलं ‘र्योटर’ हे स्वर बदललेलं रूप नंतरचं, इतरांच्या देखादेखीने आलेलं. तर-भाव नेहमी दुर्बळच चालतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

सरावाला एक

आता हेच स्वतः करून पाहा. साक्षीदार हे घ्या: गॉथिक मिद्यिस्, जुनी नॉर्स मिद्र, जुनी इंग्रजी मिद्द, जुनी उच्च जर्मन मित्ति, लॅटिन मेदिउस्. अर्थ, मधला. अडतील अशा दोनच जागा आहेत. द च्या पाठोपाठ य असला की पश्चिमेकडच्या भाषा द चं द्वित्व करतात, आणि पुढे य असला की मूळ ए चा जर्मानिकमध्ये इ होतो. संस्कृत जोड वर एकदा येऊन गेलीय, म्हणून पुन्हा सांगत नाही. जुन्या वाड्यात ओटी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जी खोली असते, तिचं नाव आठवा. त्यातलं पहिलं ‘माज’ प्राकृतातल्या ‘मज्झ’मधून आलंय, आणि ‘मज्झ’ कशातून आलं ते शोधताना ध सापडेलच.